दिल्लीचे येशूदास रामचंद्र



आपल्यापैकी कोणी कामानिमित्त अथवा प्रवासात दिल्लीस गेलात, तर जुन्या शहराच्या काश्मिरी दरवाजाजवळ उभे असलेले सेंट जेम्स चर्च अवश्य पाहा. कर्नल जेम्स स्किनर यांनी स्वतःच्या खर्चाने बांधविलेले हे घुमटाचे मंदिर १८३६ मध्ये देवाच्या उपासनेसाठी समर्पित करण्यात आले. रविवार, ११ जुलै १८५२ रोजी या मंदिरात दोन हिंदी गृहस्थांचा बाप्तिस्मा झाला. एक होते दिल्ली कॉलेजातील गणित व विज्ञानाचे विख्यात शिक्षक मास्टर रामचंद्र. दुसरे होते सरकारी दवाखान्यातील सब-असिस्टंट सर्जन डॉ. चिमणलाल.

आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसे रेव्ह. नारायण शेषाद्री, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्ह. टिळक यांच्या चरित्रांवर वाढलो आहोत. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मधला, म्हणजे रामचंद्रांच्या नंतर अवघ्या दोन वर्षांचा. त्याच काळी उत्तरेत याच वाटेने चाललेल्या या बंधूचे नाव मात्र आपल्या घरांत क्वचितच घेतले जाते. ख्रिस्ताच्या पाचारणाला होकार देण्याचे धैर्य माणसाला कोठून मिळते आणि ते कसोटीच्या वेळी कशाच्या आधारावर टिकते, हे त्यांच्या जीवनातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसेल. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

गरिबीतून विद्येकडे

रामचंद्रांचा जन्म १८२१ मध्ये पानिपत येथे झाला. मराठी मनाला पानिपत म्हटले की दुसरेच काही आठवते. पण त्याच गावात हा विद्येचा उपासक जन्मास आला. वडील सुंदरलाल हे माथुर कायस्थ, मूळचे दिल्लीचे आणि महसूल खात्यात नोकरीस होते. रामचंद्र सुमारे दहा वर्षांचे असताना वडील वारले. सहा मुलांना वाढविण्याचा भार एकट्या आईवर पडला. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी रामचंद्रांचे लग्न लावून देण्यात आले. वधू जन्मतः मुकी व बहिरी आहे, हे लग्नानंतर उघडकीस आले. घरात दारिद्र्य आणि कोवळ्या खांद्यांवर संसार, अशा स्थितीत या मुलाने १८३३ मध्ये दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत नाव घातले. मध्यंतरी काही काळ त्यांना कारकुनी करावी लागली. परंतु विद्येची ओढ सुटली नाही. ते पुन्हा कॉलेजात आले आणि १८४४ मध्ये तेथेच पाश्चात्त्य विज्ञानाचे शिक्षक नेमले गेले.

दिल्ली कॉलेजचे वैशिष्ट्य असे की तेथील पौर्वात्य विभागात आधुनिक विज्ञान इंग्रजीतून नव्हे, तर उर्दूतून शिकविले जाई. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत मराठीसाठी जे केले, तेच कार्य रामचंद्रांनी दिल्लीत उर्दूसाठी हाती घेतले. त्यांनी शास्त्रीय पुस्तकांची भाषांतरे केली. १८४५ मध्ये 'फवाइद-उन-नाझिरीन' आणि १८४७ मध्ये 'मुहिब्ब-ए-हिंद' ही नियतकालिके काढून सामान्य वाचकाला विज्ञान, इतिहास व समाजसुधारणा यांचा परिचय करून दिला. पुढे उर्दू साहित्यात नावाजलेले नझीर अहमद आणि झकाउल्ला हे त्यांच्या हाताखाली शिकले.

१८५० मध्ये त्यांनी कलकत्त्यास स्वखर्चाने एक गणिताचा ग्रंथ छापला. एखादी राशी कोणत्या स्थितीत सर्वांत मोठी व कोणत्या स्थितीत सर्वांत लहान होते, हे काढण्यासाठी युरोपात कलनशास्त्र वापरीत. रामचंद्रांनी ती उदाहरणे केवळ बीजगणिताने सोडवून दाखविली. बीजगणित ही भास्कराचार्यांच्या भूमीची जुनी विद्या. तिच्या वाटेने आपला देशबांधव नव्या गणितापर्यंत सुखाने पोहोचेल, अशी त्यांची धारणा होती. कलकत्त्यात पुस्तकावर टीका झाली आणि पैसाही बुडाला. परंतु त्याची एक प्रत लंडनचे थोर गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती गेली. त्यांनी ग्रंथाचे मोल ओळखले. त्यांच्या शब्दावरून कंपनी सरकारने रामचंद्रांना खिलत व दोन हजार रुपये दिले आणि १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला.

गुडघे टेकलेली माणसे

असा हा तर्कनिष्ठ विद्वान ख्रिस्ताकडे कसा वळला? पाश्चात्त्य विद्या शिकताना त्यांचा परंपरागत मूर्तिपूजेवरील विश्वास उडाला होता. देव एक आहे एवढे ते मानीत. पण त्याला जाणण्यास मनुष्याची बुद्धी पुरेशी आहे, ईश्वरी प्रकटीकरणाची गरज नाही, असे त्यांचे मत होते. सुशिक्षित इंग्रज लोकसुद्धा आपला धर्म मनापासून मानीत नसावेत, असाच त्यांचा समज होता.

एके दिवशी ते निव्वळ कुतूहलाने सेंट जेम्स चर्चमधील उपासना पाहण्यास गेले. ज्यांच्या विद्वत्तेबद्दल त्यांना आदर होता असे काही इंग्रज गृहस्थ तेथे गुडघे टेकून अत्यंत भक्तिभावाने प्रार्थना करीत होते. ते दृश्य रामचंद्रांच्या मनात रुतले. इतकी समजदार माणसे ज्याच्यापुढे नमतात, ते शास्त्र आपण एकदाही न वाचता बाजूस सारले, हा न्याय नव्हे, असे त्यांना वाटले. त्यांनी नवा करार हाती घेतला. तो इंग्रजीत वाचला आणि उर्दू भाषांतरातही वाचला. गणिताचा सिद्धांत तपासावा तशा दक्षतेने ते वाचीत गेले, आणि हळूहळू त्यांची खात्री पटली की येशू ख्रिस्त हाच तारणारा आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. रामचंद्रांना मंदिराकडे वळविले ते माणसांच्या आचरणाने. परंतु विश्वासात आणले ते पवित्र शास्त्राने. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पाच वर्षांनी याच गोष्टीवर त्यांचे सर्व काही अवलंबून राहिले.

मनाची खात्री पटणे एक आणि चारचौघांत तसे कबूल करणे दुसरे. प्रतिष्ठित कायस्थ घराणे, भाऊबंद, जात, कॉलेजातील मान, शहरातील नाव, हे सर्व त्यांना पणास लावावे लागणार होते. योहानाच्या शुभवर्तमानातला निकदेम हा विद्वान शिक्षकही आरंभी रात्रीच येशूकडे आला होता. पण तोच निकदेम पुढे प्रभूचे शरीर वधस्तंभावरून उतरविल्यावर सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे आला. रामचंद्रांनीही रात्रीची वाट सोडून दिवसाची वाट धरली. चॅपलीन मिज्ली जॉन जेनिंग्ज यांच्या हस्ते त्यांचा व चिमणलाल यांचा बाप्तिस्मा झाला, त्या वेळी चर्चभोवती शहरातील लोकांची दाट गर्दी उसळली होती. साऱ्या दिल्लीत खळबळ माजली. जातीने त्यांना दूर केले. या दिवसापासून ते येशूदास रामचंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्याला आपला गुरू मानला त्याचे दास्य त्यांनी नावातच स्वीकारले.

पहिली अग्निपरीक्षा

११ मे १८५७ रोजी मेरठहून निघालेले शिपाई दिल्लीत शिरले. त्या उठावामागे परकीय सत्तेविरुद्धचा मोठा क्षोभ होता, हे आज आपण जाणतो. परंतु त्या दिवशी दिल्लीतील ख्रिस्ती माणसावर, मग तो गोरा असो वा हिंदी, मृत्यूचे सावट पडले. डॉ. चिमणलाल दर्यागंजमधील आपल्या दवाखान्याजवळ मारले गेले. ख्रिस्ती आहेत, एवढेच कारण त्यांच्या मृत्यूस पुरेसे ठरले. सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ बसविलेली शिळा आहे. बाप्तिस्मा देणारे जेनिंग्ज आणि त्यांची कन्या ॲनी लाल किल्ल्यात मारली गेली. कॉलेजचे टेलर हेही प्राणास मुकले. ज्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रामचंद्र वावरत होते, ती एका दिवसात उद्ध्वस्त झाली.

रामचंद्र वाचले. त्यांना प्रथम घरात लपविण्यात आले. नंतर इमानी नोकरांच्या साहाय्याने ते शहराबाहेर निसटले, एका खेड्यात काही काळ राहिले आणि जूनमध्ये दिल्लीबाहेरील टेकडीवरच्या इंग्रज छावणीत पोहोचले. लपून काढलेल्या त्या रात्री त्यांच्यापाशी होता तो नव्या कराराचा दिलासा. ख्रिस्ताच्या नावासाठी दुःख भोगणारा मनुष्य एकटा नसतो. पहिल्या प्रेषितांच्या पंक्तीत तो जाऊन बसतो, हे त्यांनी शास्त्रात वाचले होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात फटके खाऊन सभेबाहेर पडणारे प्रेषित खिन्न नव्हते, तर आनंदी होते. प्रभूच्या नावासाठी अपमान सोसण्यास आपण पात्र ठरलो, याचा तो आनंद होता. हे समाधान आपल्याला लाभले होते, असे रामचंद्रांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

दुसरी, अधिक कठीण परीक्षा

सप्टेंबरात इंग्रजी फौजेने दिल्ली पुन्हा जिंकली. त्यानंतर शहरावर जो सूड उगवला गेला, तो ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्याच्या इतिहासातील काळा अध्याय आहे. असंख्य निरपराध लोक मारले गेले आणि बहुतेक रहिवाशांना घराबाहेर काढण्यात आले. रामचंद्रांना जप्त मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या 'प्राइझ एजन्सी' या खात्यात काम देण्यात आले आणि शहरातच एक घर मिळाले.

आता तरी संकट संपले असे कोणासही वाटेल. पण तसे झाले नाही. किल्ल्याच्या वाटेने जात असता एका घोडेस्वार इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्यावर छडी मारली आणि सलाम करण्यास फर्मावले. रामचंद्रांनी एकदा नव्हे, अनेकदा सलाम केला आणि आपण ख्रिस्ती आहोत, सरकारी कामावर आहोत, हेही कळकळीने सांगितले. त्यावर त्यांच्या काळ्या रंगावरून शिव्या मिळाल्या. तो अधिकारी पुढे गेला आणि परत वळून पुन्हा त्यांच्या दंडावर व पाठीवर छडीचे प्रहार केले. त्यांच्या घरावरही शेजारी राहणारे काही इंग्रज अधिकारी मातीचे गोळे मारीत.

वाचकहो, ज्या माणसाने ख्रिस्तासाठी जात सोडली, मित्र गमावले, मरणाच्या दाढेतून सुटका करून घेतली, त्याला ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्याच हातांनी मारावे, हे दुःख किती खोल असेल! पंचावन्नाव्या स्तोत्रात दाविदाने हेच दुःख सांगितले आहे. उघड शत्रूने निंदा केली असती तर ती सोसता आली असती. पण जो बरोबरीने देवाच्या घरी चालत असे, त्यानेच घाव घातला, अशी त्याची व्यथा आहे.

नोव्हेंबर १८५७ मध्ये रामचंद्रांनी दिल्लीचे लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांना एक पत्र लिहिले. भारतीय मंडळीच्या इतिहासातील हा अत्यंत मोलाचा लेख आहे. त्याचा आशय असा : उठाव करणाऱ्यांकडून जीवाला धोका होता तेव्हा नव्या करारात समाधान सापडत होते. परंतु ख्रिस्ती माणसाचा द्वेष ख्रिस्ती माणसानेच करावा, आणि तोही केवळ इंग्लंडात जन्म न झाल्यामुळे व कातडी गोरी नसल्यामुळे, हे दुःख निराळेच आहे. उठाव करणाऱ्यांतसुद्धा आपल्या बाजूच्या हिंदूला वा मुसलमानाला भाऊ मानले जाई. येथे तेवढेही नाही. ही तक्रार केवळ आपल्यासाठी नसून दिल्लीतील मोजक्या हिंदी ख्रिस्ती लोकांसाठी आहे, हेही त्यांनी त्यात नमूद केले.

हे लिहिण्यास किती धैर्य लागले असेल याचा विचार करा. शहरात लष्करी अंमल होता. संशयावरून माणसे फासावर जात होती. अशा वेळी नोकरी आणि प्राण ज्यांच्या हाती, त्यांनाच हा काळा माणूस त्यांच्या ख्रिस्ती धर्माची आठवण करून देत होता. येरुशलेमेत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले तेव्हा त्यानेही मुकाट्याने ते सोसले नाही; न्यायाशिवाय मारणे योग्य आहे काय, असे त्याने शताधिपतीला विचारले. सहनशीलता म्हणजे अन्यायाला दिलेली संमती नव्हे, हे पवित्र शास्त्र शिकविते. याकोबाच्या पत्रातही मंडळीत तोंड पाहून वागणाऱ्यांना कडक शब्दांत दोष दिला आहे. रामचंद्रांची लेखणी या शास्त्राच्याच बळाने उचलली गेली.

ते टिकले कशामुळे?

गुडघे टेकलेल्या इंग्रजांना पाहून रामचंद्र प्रथम विचारात पडले होते, हे आपल्याला आठवत असेल. आता तेच मंदिर ज्यांचे, त्या समाजातील हातांत छडी होती. त्यांचा विश्वास जर त्या गुडघे टेकलेल्या माणसांवर उभा असता, तर तो या छडीखाली कोसळला असता. त्यांनी ख्रिस्त सोडला असता, तर कोणी त्यांना फारसा दोषही दिला नसता. पण त्यांनी माणसांवरून नजर काढून शास्त्राकडे नेली होती. शास्त्रात त्यांना जो येशू भेटला तो छडी मारणाऱ्यांच्या बाजूचा नव्हता. तो स्वतःच फटके खाल्लेला, थुंकी झेललेला, काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू होता. म्हणून त्यांनी इंग्रजांच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, पण ख्रिस्ताला सोडले नाही.

१८५८ च्या आरंभी ते रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षक झाले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या जिल्हा शाळेचे मुख्याध्यापक म्हणून परतले. ज्या शहराने त्यांना वाळीत टाकले, जेथे त्यांचे सोबती मारले गेले आणि जेथे त्यांनी छडीचे वळ सोसले, त्याच शहरातील मुलांना त्यांनी पुन्हा गणित शिकविले. १८६६ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते निवृत्त झाले. पुढे पतियाळा संस्थानात त्यांनी महाराजा महेंद्रसिंग यांचे शिक्षक म्हणून आणि १८७० पासून शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणून काम केले. धर्मविषयावर त्यांनी उर्दूत ग्रंथ लिहिले. त्या काळच्या वादविवादांचा तिखटपणा त्यांत आहे. तथापि त्यांचे शिष्य झकाउल्ला आयुष्यभर निष्ठावंत मुसलमान राहूनही आपल्या गुरूबद्दल अखेरपर्यंत आदर बाळगून होते. ११ ऑगस्ट १८८० रोजी येशूदास रामचंद्र प्रभूच्या विसाव्यात गेले.

आपल्यासाठी

प्रिय वाचका, प्रभूच्या पाचारणाला होकार देताना आपल्या मनात भीती असते ती बहुधा बाहेरच्या लोकांची. नातलग काय म्हणतील, शेजारी काय म्हणतील, नोकरीचे काय होईल? या भीतीसाठी शास्त्रात पुष्कळ दिलासा आहे, आणि तो आपल्याला ठाऊकही आहे. पण कित्येक बंधुभगिनींचे पाऊल मागे फिरते ते बाहेरच्या विरोधामुळे नव्हे. मंडळीत कोणी त्यांच्या पूर्वीच्या जातीची आठवण करून देतो, कोणी गरिबीवरून वा भाषेवरून हिणवितो, कोणी उपासनेत शेजारी बसण्याचे टाळतो, आणि ते मन मोडून निघून जातात. आपण असे दुखावला असाल, तर रामचंद्रांकडे पाहा. अन्याय झाला असेल तर तो अन्याय आहे असे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगा. मात्र माणसांच्या अपराधाचा हिशेब प्रभूच्या नावावर मांडू नका. शास्त्र उघडा आणि जखमी प्रभूला तेथे पुन्हा भेटा.

आणि एक प्रश्न आपण सर्वांनीच स्वतःला विचारावयाचा आहे. सेंट जेम्स चर्चमध्ये गुडघे टेकलेली ती माणसे आपल्याकडे कोण पाहत आहे हे जाणत नव्हती. तरीही त्यांच्या भक्तीने एक विद्वान शास्त्राकडे वळला. छडी मारणारा तो अधिकारीही आपण कोणाची श्रद्धा पायदळी तुडवीत आहोत, हे जाणत नव्हता. आज कोणीतरी दाराशी उभा राहून आपल्यालाही पाहत आहे. त्याला आपल्या ठायी काय दिसेल, टेकलेले गुडघे की उगारलेला हात?

पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत एखादा नवखा मनुष्य शेवटच्या बाकावर संकोचून बसलेला दिसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि आपले शास्त्र उघडून त्याच्यापुढे धरा. पाचारणास होकार देण्याचे धैर्य त्याला त्या पानांतून प्रभू देईल.